चिकित्सक विचार करायला शिकायचं आहे. मूलभूत संकल्पना कोणत्या आणि सुरुवात कुठून करावी?

तुम्ही लिहिलंय की तर्कदोषांच्या याद्या वाचल्या, नावंही पाठ झाली, पण रोजच्या आयुष्यात फरक पडला नाही. माझंही हेच झालं होतं. यादी पाठ केल्यावर सहा महिने मी घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फक्त इतरांच्या चुका काढत बसलो. शेवटी काकांनी मला ग्रुपमधून काढलं. बरोबरच केलं म्हणा.

त्यामुळे याद्या सध्या बाजूला ठेवा आणि एकच फरक पकडा: डोळ्यांना काय दिसलं आणि त्यावरून आपण काय ठरवलं.

२१ सप्टेंबर १९९५. मी सातवीत होतो. शाळेतून येतो तर गल्लीतल्या देवळापुढे ही रांग, प्रत्येकाच्या हातात वाटी-चमचा. गणपती दूध पितोय! मीही उभा राहिलो, सोंडेला चमचा लावला, आणि दूध खरंच कमी होत गेलं. तिथं खोटं कुणीच बोलत नव्हतं. दिसलं ते एवढंच की चमच्यातलं दूध कमी झालं. 'प्यायला' हे आमच्या पदरचं. प्यायला नसेल तर दूध गेलं कुठं, हे त्या रांगेत कुणी विचारलं नाही, मीही नाही. दिल्लीत शास्त्रज्ञांनी दुधात रंग मिसळून पाहिलं, तेव्हा मूर्तीवरून खाली उतरणारा रंगीत ओघळ दिसला. पृष्ठताणामुळे दूध चमच्याबाहेर ओढलं जातं आणि पातळ थर होऊन मूर्तीवरून उतरतं. पांढऱ्या दगडावर पांढरं दूध, कळणार कसं? मला त्यातलं रंग मिसळणं फार आवडतं. वाद घालत बसण्यापेक्षा, जे दिसत नव्हतं ते दिसेल अशी सोय केली.

दुसरी गोष्ट आपल्याच न्यायदर्शनात, म्हणजे तर्काचा अभ्यास करणाऱ्या प्राचीन भारतीय परंपरेत आहे. धूर आहे तिथे अग्नी आहे, हे ठीक. पण अग्नी आहे तिथे धूर आहेच का? नाही. तापून लाल झालेल्या लोखंडाच्या गोळ्यात अग्नी असतो, धूर नसतो. धुरासाठी ओलं सरपण लागतं, आणि या लपलेल्या अटीला नैयायिक, म्हणजे न्यायदर्शनाचे पंडित, 'उपाधी' म्हणतात. 'यशस्वी माणसं पहाटे उठतात, म्हणून पहाटे उठा' असं कुणी सांगितलं की मी तो लोखंडाचा गोळा आठवतो. पहाटे उठणारे, पण यशस्वी नसलेले किती? आमच्या गल्लीतला दूधवाला तीस वर्षं साडेतीनला उठतोय.

असा गोळा शोधणं आपल्याला आपणहून सुचत नाही, हीच खरी अडचण. पीटर वॅसन या मानसशास्त्रज्ञाने १९६० साली एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. २, ४, ६ हे तीन आकडे एका नियमात बसतात. तुम्ही आणखी त्रिकुटं सुचवा, बसतात की नाही ते सांगितलं जाईल, त्यावरून नियम ओळखा. बरेच जण ८-१०-१२, २०-२२-२४ अशी त्रिकुटं देतात, 'बसतं, बसतं' ऐकतात आणि खात्रीने सांगतात, 'दोन-दोनने वाढणारे आकडे'. नियम होता फक्त 'चढता क्रम'. १-७-५० विचारलं असतं तरी लगेच कळलं असतं. आपला अंदाज जिथे फसेल तो आकडा विचारायचा, एवढंच. घरी खेळून बघा, मी दोनदा हरलोय.

बोलण्याबद्दल थोडं. न्यायदर्शनाच्या मूळ ग्रंथात, न्यायसूत्रांत, चर्चेचे तीन प्रकार सांगितलेत: सत्य शोधायला केलेला वाद, जिंकण्यासाठीचा जल्प, आणि स्वतःची बाजूच न मांडता समोरच्याचं फक्त खोडून काढणारी वितंडा. ग्रुपवरचं माझं सगळं लिखाण तिसऱ्यातलं होतं.

सराव कुठं करायचा, तर स्वतःच्या लाडक्या समजुतीवर. मी आईच्या काढ्यावर केला. काढा घेतला की सर्दी पळते, हे आमच्या घरातलं ब्रह्मवाक्य. वहीत चार घरं आखली: काढा घेतला नि सर्दी आठवड्यात गेली, घेतला तरी लांबली, घेतला नाही तरी आठवड्यात गेली, घेतला नाही नि लांबली. आपल्या लक्षात राहतं ते फक्त पहिलं घर. दोन हिवाळे नोंद ठेवली, तर तिसरं घरही पहिल्याइतकंच भरलं. साधी सर्दी बहुधा आठवडा-दहा दिवसांत आपली आपण जातेच. अर्थात दहा-बारा वेळच्या सर्दीवरून काढा निरुपयोगी असंही सिद्ध होत नाही. तेवढ्या नोंदी पुरत नाहीत.

आईला वही दाखवली. तिने चष्मा लावून नीट बघितली आणि विचारलं, "मग आता करू नको का?"

म्हटलं, कर. आलं जरा जास्त घाल.