अँड्रॉइड अॅप तपासायला एम्युलेटर पुरेसा आहे का?

रोजच्या कामासाठी अँड्रॉइड स्टुडिओ या अॅप बनवण्याच्या साधनातला एम्युलेटर, म्हणजे संगणकावर चालणारा आभासी फोन, उत्तम आहे, पण केवळ त्यावर तपासलेले अॅप प्रकाशित करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. एम्युलेटर तुमच्या संगणकाचा प्रोसेसर आणि मेमरी वापरतो, त्यामुळे स्वस्त फोनवर अडखळणारी यादी तिथे सहज सरकते. शिवाय अनेक फोन कंपन्या बॅटरी वाचवण्यासाठी पार्श्वभूमीतली अॅप्स आपापल्या नियमांनी बंद करतात आणि हे वर्तन एम्युलेटरवर दिसत नाही. म्हणून कमी रॅमचा एक जुना फोन कायम जवळ ठेवावा.

त्या फोनच्या डेव्हलपर ऑप्शन्समध्ये (सेटिंग्जमधला अॅप बनवणाऱ्यांसाठीचा भाग) ‘डोन्ट कीप अॅक्टिव्हिटीज’ हा पर्याय सुरू करून अॅप वापरून पाहावे. वापरकर्ता पडद्यावरून बाहेर पडताच ती अॅक्टिव्हिटी, म्हणजे अॅपचा तो पडदा, नष्ट होते, आणि अर्धवट भरलेला अर्ज परत आल्यावर रिकामा दिसला, तर स्थिती जतन करण्यातली चूक तिथल्या तिथे सापडते. माझ्या अनुभवात इतक्या कमी श्रमात इतके दोष दाखवणारी दुसरी सवय नाही. अँड्रॉइड ६ पासून आलेल्या डोझ या बॅटरी वाचवणाऱ्या सोयीमुळे सूचना उशिरा येतात का, हेही एडीबी या संगणकावरून फोनला आज्ञा देण्याच्या साधनाने फोनला सक्तीने निष्क्रिय करून तपासता येते.

हिशेबाचे नियम मात्र जेयुनिट या कोड तपासण्याच्या साधनाच्या चाचण्यांत ठेवावेत. त्यांना फोन लागत नाही. मराठी मजकूर असल्यास अक्षरांचा आकार सर्वात मोठा करून पाहावा, कारण वेलांट्या आणि उकार ठरावीक उंचीच्या बटणात कापले जातात.