स्लो झुलतोय? आधी हवा कुठून शिरते ते शोधा

प्रश्न : ताई, माझ्याकडे २६ वर्षं जुनी पेट्रोल फोर-बाय-फोर आहे. चार सिलिंडर, फ्युएल इंजेक्शन. सकाळी थंड इंजिनावर शांत उभी राहते. पंधरा मिनिटं चालवून इंजिन गरम झालं, की उभ्या गाडीचा स्लो, म्हणजे एक्सलेटर न दाबता इंजिन फिरतं तो मंद वेग, वर-खाली व्हायला लागतो. इंजिनाचे मिनिटाचे फेरे दाखवणारा काटा १,००० वरून १,७०० ला, पुन्हा खाली, पुन्हा वर, अगदी मोजून दोन-दोन सेकंदांनी. रस्त्यावर चालवताना काही त्रास नाही. प्लग, ऑक्सिजन सेन्सर, आयडल व्हॉल्व्ह (स्लोपुरती हवा सोडणारा) सगळं नवं टाकलं. शेवटी मेकॅनिकने थ्रॉटलचा, म्हणजे इंजिनात हवा सोडणाऱ्या झडपेचा, स्क्रू फिरवला, तर झुलणं वाढलंच. आता ईसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर) बदला म्हणतात. बदलू का?

उत्तर : नका बदलू. तुमचा ईसीयू बहुधा त्याला शिकवलेलं काम चोख करतोय.

तुमच्या पत्रातला ‘मोजून’ हा शब्द मला फार उपयोगी पडला. एखादा सिलिंडर नीट जळत नसेल तर गाडीचं अंग थरथरतं, पण काटा असा झोके घेत नाही. ठेका धरून झोके घेणारा काटा बहुतेक वेळा जादा हवेकडे बोट दाखवतो.

होतं काय, तर तुम्ही एक्सलेटरवरून पाय काढला की थ्रॉटल बंद झाल्याची खबर ईसीयूला जाते. थ्रॉटल बंद, तरी इंजिन एका हद्दीपेक्षा जोरात फिरतंय, म्हणजे गाडी उतारावर आहे असं तो धरतो आणि पेट्रोल तोडतो. फेरे एका ठराविक आकड्याखाली आले की पुन्हा सोडतो. उतारावर हे बरोबरच आहे. पण कुठून तरी जादा हवा आत शिरत असेल, तर उभ्या गाडीचे फेरेही त्या वरच्या हद्दीला जाऊन टेकतात. पेट्रोल बंद, फेरे खाली. पेट्रोल सुरू, फेरे वर. थंड इंजिनासाठी ही हद्द मुद्दाम वर ठेवलेली असते, म्हणून सकाळी तुम्हाला काही जाणवत नाही. आणि स्क्रू फिरवून मेकॅनिकने थ्रॉटलची पाकळी आणखी उघडली, म्हणजे आणखी हवा दिली. झुलणं वाढलं त्यात नवल नाही.

त्यामुळे पहिलं काम, तो स्क्रू होता तिथे परत न्या. बहुतेक गाड्यांत तो कारखान्यातच बसवून रंगाचा ठिपका दिलेला असतो, ठिपका जुळवा. मग मल्टिमीटरने थ्रॉटल सेन्सरचा व्होल्टेज बघा. पाकळी बंद असताना तो बहुतेक गाड्यांत अर्ध्या व्होल्टच्या आसपास असतो. नेमका आकडा तुमच्या मॅन्युअलमधून घ्या. हळूहळू एक्सलेटर दाबत गेलात तर तो कुठेही न अडखळता चढला पाहिजे. या स्क्रूची मला मनापासून चीड आहे. खरा दोष शोधायचा राहून जातो आणि त्यावर आणखी एक दोष बसतो.

आता हवा कुठून शिरते ते शोधायचं. गाडी उघड्यावर, न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक ओढलेला, चाकाखाली दगड. ओढणी, सैल बाही, सुटे केस पंख्यापासून दूर.

एअर फिल्टर आणि थ्रॉटल बॉडी यांच्यामध्ये हवा मोजणारा सेन्सर नसेल, तरच पुढची चाचणी करा. गाडी बंद असताना थ्रॉटल बॉडीवरचा रबरी पाइप काढा. पाकळीच्या अलीकडे आयडल व्हॉल्व्हकडे जाणारं एक भोक दिसेल. इंजिन गरम करून चालू ठेवा आणि ते भोक अंगठ्याने बंद करा. इंजिन धाप लागल्यासारखं खाली बसलं, तर जादा हवा व्हॉल्व्हच्याच वाटेने येत होती. फेरे वरच राहिले, तर हवा दुसरीकडून येतेय, आणि नवा व्हॉल्व्ह टाकून उपयोग का झाला नाही तेही कळलं. एका मिनिटाची ही चाचणी कुठलाही सुटा भाग घ्यायच्या आधी करायला हवी होती.

समजा व्हॉल्व्हच्या वाटेनेच येतेय. तरी थांबा, आधी कूलंट बघा. त्या काळातल्या बऱ्याच गाड्यांत थंड इंजिनाला जास्त हवा देणारा मेणाचा व्हॉल्व्ह थ्रॉटल बॉडीखाली असतो. गरम कूलंट त्याच्याभोवती फिरलं की मेण फुगतं आणि हवेची वाट बंद होते. कूलंट कमी असेल किंवा त्यात हवेचा फुगा अडकला असेल, तर मेणाला ऊब पोचत नाही आणि वाट उघडीच राहते. थ्रॉटल बॉडीला जाणाऱ्या दोन बारीक नळ्यांना हात लावा. इंजिन तापलंय आणि नळ्या कोमटच, तर दोष तिथे आहे. रेडिएटरचं झाकण मात्र गरम असताना उघडायचं नाही.

दुसरीकडून येत असेल, तर इनटेक मॅनिफोल्डला (थ्रॉटलपासून सिलिंडरांकडे हवा नेणाऱ्या नळकांड्याला) जोडलेली प्रत्येक रबरी नळी एकेक करून दाबायची. पकडीच्या दातांना कापड गुंडाळा, नाहीतर जुनं रबर तिथेच तडकेल. ब्रेकला जोर देणाऱ्या बूस्टरची नळी दाबल्यावर स्लो जाग्यावर आला, तर बूस्टर किंवा त्याची नळी गळतेय. ते दुरुस्त होईपर्यंत गाडी बाहेर काढू नका. मग पीसीव्हीची (इंजिनातल्या तेलाच्या वाफा ओढणारी) नळी, मग चारकोल कॅनिस्टरची (टाकीतल्या पेट्रोलच्या वाफा ओढणारी). मॅनिफोल्डच्या गॅस्केटला नळी नसते. तिथे फवाऱ्याने थोडं पाणी मारा आणि कान द्या, आवाज क्षणभर बदलतो. कार्ब क्लीनर मारणारे पुष्कळ आहेत, पण शेजारी तापलेला एक्झॉस्ट असताना मी ते कधीच करत नाही आणि तुम्हीही करू नका.

आणि फोर-बाय-फोरवाल्यांनी गाडीखालीही वाकून बघायचं. माझ्या गाडीचाही स्लो असाच झुलायचा, पण रोज नाही. पावसातून, चिखलातून आले की दोन-तीन दिवस गाडी ठणठणीत, मग पुन्हा झोके. तीन आठवडे मी ओलाव्याचा संशय धरून वायरिंग तपासत बसले होते. एका संध्याकाळी एकेक नळी दाबत गेले. बॅटरीच्या ट्रेखालून खाली जाणारी पेन्सिलीएवढी एक काळी नळी चिमटली आणि काटा झुलता झुलता ८५० वर थबकला. ती पुढच्या ॲक्सलला जाणारी नळी होती. माझ्या गाडीत फोर-बाय-फोर घातलं की पुढचा ॲक्सल व्हॅक्यूमने जोडला जातो. टॉर्च घेऊन खाली शिरले. दुसऱ्या टोकाला रबर निप्पलपाशीच फाटलं होतं आणि फाटीत वाळलेल्या चिखलाची खपली अर्धवट लटकत होती. चिखल ओला असेपर्यंत भोक बुजलेलं राहायचं. वाळून खपली पडली की हवा आत. फूटभर नवी नळी आणि दोन क्लिपा, बस. अशा नळीने ओढ्यात उभी राहिलेली गाडी इंजिनात पाणी ओढू शकते, हे लक्षात आल्यावर मला खरोखर घाम फुटला होता. तुमच्या गाडीत अशी व्यवस्था असेल तर आधी तिथेच हात घाला.

प्रश्न : माझ्याही जुन्या जीपचा स्लो खराब आहे, पण काटा जवळजवळ स्थिर असतो आणि गाडी मात्र थडथडते. परवा गुडघाभर पाण्यातून काढली तेव्हापासून. डिस्ट्रिब्युटरवाली (प्रत्येक प्लगला पाळीपाळीने ठिणगी वाटणारा) आहे.

उत्तर : हे मिसिंग आहे, म्हणजे एखादा सिलिंडर नीट जळत नाही; हवेचा झोका नाही. डिस्ट्रिब्युटरची कॅप काढून आतून बघा. ओल असेल तर कोरड्या कापडाने पुसा. कॅपच्या आत केसासारखी बारीक काळी रेघ दिसली, तर तिथून ठिणगी वाट चुकवून जातेय. अशी कॅप पुसून सुधारत नाही, बदलावी लागते. रात्री अंधारात बॉनेट उघडून इंजिन चालू ठेवा, तडकलेल्या वायरवर निळसर ठिणग्या नाचताना दिसतील. हात लावायचा नाही.

हे सगळं ठीक निघालं तर कॉम्प्रेशन, म्हणजे प्रत्येक सिलिंडरमधला दाब, मोजून घ्या. चारपैकी एक सिलिंडर बाकीच्यांपेक्षा बराच खाली असेल, तर टॅपेटची (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या भागाची) फट तपासा. एक्झॉस्टची फट कमी झाली की व्हॉल्व्ह पूर्ण बसत नाही आणि जळत जातो. तसा व्हॉल्व्ह खटखट करत नाही, उलट शांत होत जातो, म्हणून कुणाच्या लक्षात येत नाही. व्हॅक्यूम गेज मिळालं तर फारच छान. समुद्रसपाटीला निरोगी इंजिन स्लोवर १७ ते २१ इंच (पाऱ्याचे) दाखवतं आणि काटा हलत नाही. दर हजार फूट उंचीला साधारण एक इंच कमी धरा. तालात खाली टुचकन येणारा काटा जळालेल्या व्हॉल्व्हचा असू शकतो.

प्रश्न : डिझेलवर हे काहीच लागू नाही ना? माझी जुनी मेकॅनिकल पंपाची गाडी पण स्लोवर झुलते.

उत्तर : झुलतं तसंच, कारण वेगळं. तिथे बहुधा हवा डिझेलमध्ये शिरते. फिल्टर आणि पंप यांच्यामध्ये थोडे दिवस पारदर्शक नळी बसवा आणि इंजिन चालू असताना बघा. बुडबुडे दिसले, तर टाकीच्या दिशेने एकेक जोड तपासत मागे जा. हातपंपाचा वॉशर आणि फिल्टरच्या वाटीची रबर रिंग सगळ्यात आधी.