डुगाँग आणि आग्या मोहोळ: जास्त धोक्यात कोण?

तू विचारलंयस की प्रोजेक्टला डुगाँग (समुद्रात राहणारा सस्तन प्राणी) आणि आग्या मोहोळाची मधमाशी घेतलीय, तर दोघांत जास्त धोक्यात कोण. आधी एक सांगतो, एक डुगाँग विरुद्ध एक माशी असं मांडलंस तर सगळं गणितच गंडणार. कामकरी माशी स्वतःचा वंश वाढवत नाही, कामाच्या सीझनला दीडेक महिन्यात मरते आणि तिच्या जागी दुसरी येते. त्यामुळं एका डुगाँग मादीसमोर अख्खं मोहोळ ठेव, मग खरा फरक दिसेल.

डुगाँगला समुद्रगाय म्हणतात पण नातं हत्तीशी. वयात यायलाच बऱ्याचदा दहाएक वर्षं लागतात, पोटात 13-14 महिने, एका वेळी एकच पिल्लू, आणि पुढचं 3 ते 7 वर्षांनी. खायला समुद्री गवत, पण श्वास फुप्फुसानं, दर काही मिनिटांनी वर यावंच लागतं, म्हणजे मासेमारीच्या जाळ्यात गुंतला की बुडूनच मरतो. अशी एक मादी गेली की ती भरून निघायला किती वर्षं जातील ते तूच मोज. त्याची भावकी, स्टेलरची समुद्रगाय, 1741 ला युरोपियन लोकांना सापडली आणि 1768 पर्यंत शिकारीनं संपलीसुद्धा! आपल्याकडं डुगाँग उरलाय तो कच्छचं आखात, मन्नारचं आखात, पाल्कचा उपसागर आणि अंदमान-निकोबारला. तामिळनाडूनं 2022 मध्ये पाल्कच्या उपसागरात 448 चौरस किमी राखीव केलं, ते बरं झालं.

आग्याचं उलट. राणी दिवसाला शेकड्यानं अंडी घालते, फुलोरा चांगला असला तर एका मोहोळाची दोन होतात. पाण्याच्या टाकीखाली लागलेलं पोळं लांबून बघ कधी, गांधीलमाशी जवळ आली की वरच्या थरातल्या माश्या एकामागोमाग पोट उचलतात आणि सगळ्या पोळ्यावरनं लाट सरकत जाते, भारी दिसतं. टेंभा लावून एखादं जाळलं तर वाईटच, पण आजूबाजूला बाकीची असतील आणि फुलं असतील तर भरपाई होते. माश्यांचा घात एकेक करून होत नाही, घाऊक होतो. भर फुलोऱ्यात सकाळी इमिडाक्लोप्रिड हे कीटकनाशक मारलं की त्या पट्ट्यातल्या सगळ्याच मोहोळांना एकदम फटका. तासगावकडचे द्राक्षवाले म्हणतील आम्हाला माशीची गरजच नाय, ते बरोबरय, द्राक्षाला परागीभवनासाठी माशी लागत नाही, पण फवारा वाऱ्यानं बांधावरच्या फुलांवरही जातो ना. आटपाडीकडं डाळिंबाला मात्र माशीचा चांगलाच उपयोग होतो.

तेव्हा नामशेष व्हायच्या हिशोबानं डुगाँग जास्त धोक्यात, त्यात मला शंका नाही. पण उपाय दोघांना एकच लिहू नकोस. डुगाँगसाठी एकेक मोठी मादी जगली पाहिजे, म्हणजे जाळी आणि बोटी आवरायच्या, गवत टिकवायचं. माशीसाठी बांधावरची झाडं ठेवायची, आणि फवारणी करायचीच असेल तर माश्या घरी गेल्यावर, दिवस मावळताना, तेही फुलोरा सोडून.

आणि आग्याचे फोटो काढायला जाणार असशील तर सेंट मारून जाऊ नकोस, झूम करून लांबनंच काढ.