कुत्र्याला पहिल्यांदाच एक रात्र बोर्डिंगला ठेवायचंय, तयारी काय करावी?

तुमचा कारवान (सडपातळ, वेगानं पळणारी देशी शिकारी जात) दोन वर्षांचा आहे, घर सोडून कधी राहिलेला नाही आणि डिसेंबरात पुण्याच्या लग्नासाठी त्याला एक रात्र ठेवायचंय, असं तुम्ही लिहिलंय. हातात महिना-दीड महिना आहे, तेवढा पुरे. मीही तुमच्यासारखा कोल्हापुरातलाच. आमचा वाघ्याही कारवान, आणि लग्नसराईत त्याला कुठंतरी ठेवायची वेळ येतेच.

आधी जागा ठरवा, आणि ती अंधार पडल्यावर बघा. आपल्याकडची बरीच बोर्डिंग शहराबाहेर, शेतात किंवा फार्महाऊसवर आहेत. रविवारी सकाळी गेलात की सगळं झकास दिसतं: हिरवळ, खेळणारी कुत्री, हसतमुख मालक, वर चहा. पण तुम्हाला ठेवायचीय रात्र. म्हणून आठ-नऊच्या सुमाराला फोन करून जा आणि एवढंच विचारा, "रात्री इथं झोपतं कोण?" मी एका ठिकाणी असा गेलो तेव्हा मालक केव्हाच घरी गेले होते. पत्र्याच्या शेडमध्ये एकच बल्ब, कुत्री आपापल्या पिंजऱ्यात, आणि राखणदार गेटापाशी मोबाईल बघत बसलेला. शेडमधलं एक कुत्रं सारखं भुंकत होतं, पण तो काय उठला नाही. तिथनं मी तसाच परत फिरलो. माझ्या लेखी कुत्र्यांच्या हाकेच्या अंतरावर माणूस झोपत असेल तर बाकी सोयी थोड्या कमी असल्या तरी चालतं.

कारवान आहे म्हणून कुंपण बारकाईनं बघा. पाच फुटी भिंत हे जनावर मनात आलं तर सहज ओलांडतं. शेजारी ऊस असेल तर जास्तच काळजी. डिसेंबर म्हणजे गळीत हंगामाचे दिवस. एखादा फड उभा, एखादा तुटलेला, रस्त्यावर ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची रांग. उभ्या उसात शिरलेलं कुत्रं रात्री बॅटरी घेऊनसुद्धा सापडत नाही. पन्हाळा, शाहूवाडीकडची जागा असेल तर बिबट्याचाही विचार करा, कुत्रं हे त्याचं आवडतं भक्ष्य. तिकडं रात्री उघड्यावर बांधणाऱ्याकडं ठेवूच नका.

पट्ट्याचं तर नक्की करा. कारवानाचं डोकं मानेपेक्षा फार रुंद नसतं, त्यामुळं साधा पट्टा तो घाबरून मागं सरला की डोक्यावरून अलगद निघून येतो. घरी हे कधी कळत नाही, कारण घरी तो घाबरतच नाही. ओढ बसली की तेवढ्यापुरता आवळणारा रुंद पट्टा मिळतो, त्याला मार्टिंगेल म्हणतात. तो आत्ताच आणून सवय लावा. पट्ट्यावर दोन नंबर हवेत: एक तुमचा आणि एक लग्नाला न येणाऱ्या, कोल्हापुरातच असणाऱ्या कुणाचा तरी. वरातीच्या बँडमध्ये तुमचा फोन वाजलेला तुम्हाला ऐकू येणार नाही.

लसीकरणाची फाईल काढून डॉक्टरांकडं या आठवड्यातच जाऊन या. रेबीज आणि सेव्हन इन वन किंवा नाइन इन वन (अनेक रोगांवरची एकत्र लस) चालू वर्षाची आहे का ते बघा. शिवाय केनेल कफचं वेगळं विचारा. बऱ्याच कुत्र्यांना एकत्र ठेवलं की हा खोकला झपाट्यानं पसरतो, आणि त्यातला मुख्य जंतू, बोर्डेटेला, नेहमीच्या सेव्हन इन वनमध्ये येत नाही. ही लस नाकात थेंब टाकून देतात किंवा इंजेक्शननं. इंजेक्शन असेल तर पहिल्यांदा काही आठवड्यांच्या अंतरानं दोन डोस लागतात, म्हणून आदल्या दिवशी जाऊन उपयोग नाही. गोचिडाचं औषधही त्याच फेरीत घ्या. जे बोर्डिंग लसीची फाईल मागत नाही ते शेजारच्या पिंजऱ्यातल्या कुत्र्याचीही मागत नसणार, हे ध्यानात ठेवा.

मग सराव. आधी घरीच त्याला तुमच्यापासून लांब, दुसऱ्या खोलीत झोपवायला लागा. पलंगावर झोपणारं कुत्रं एकदम पिंजऱ्यात गेलं तर रात्रभर रडणारच. नंतर त्याला बोर्डिंगवर नेऊन तासभर तिथल्या माणसाबरोबर फिरू द्या आणि घरी आणा. मग एक आख्खा दिवस ठेवा. जमलं तर लग्नाच्या आधी एखाद्या शनिवारी रात्रभर ठेवून बघा. तुम्ही गावातच असाल, गाडी काढली की अर्ध्या तासात पोचाल. पुण्याहून ते चार-पाच तासांचं काम आहे.

खायचं घरचंच द्या, एकेका वेळचं वेगळ्या डब्यात मापून. खाणं एकदम बदललं की पोट बिघडतं. आणि बोर्डिंगवाल्याला नीट बजावून सांगा: रस्सा नाही, नळी नाही. आपल्याकडं पाहुणचार म्हणजे मटण, आणि शेतावरचा माणूस मायेपोटी रात्रीचं उरलेलं कुत्र्यापुढं ठेवतो. पण कांदा-लसूण कुत्र्याला विषारी असतो आणि शिजलेल्या हाडाच्या कपच्या घशात, आतड्यात रुततात. तोंडी सांगून भागत नाही, डब्यावर चिठ्ठी चिकटवा. पहिल्या रात्री तो जेवलाच नाही तरी धडधाकट कुत्र्याचं काही बिघडत नाही, पाणी पितोय ना तेवढं विचारा.

अंथरायला घरातली जुनी वाकळ द्या, आणि ती मुद्दाम धुऊ नका. घरच्यांचा वास राहिला की त्याला धीर येतो. कारवानाच्या अंगावर ना चरबी ना दाट केस. डिसेंबरात शेतावरची थंडी त्याला बाधते, म्हणून पांघरायलाही काहीतरी असू द्या. गुंगीचं औषध मात्र कुणाच्या सांगण्यावरून देऊ नका, ते डॉक्टरांनीच ठरवायचं. या जातीच्या सडपातळ कुत्र्यांच्या बाबतीत तर जास्तच जपून.

सोडायला दुपारच्या आत जा, म्हणजे अंधार पडायच्या आधी जागा ओळखीची होते. त्याआधी चांगलं पळवून दमवा. गळ्यात पडून निरोप घेत बसू नका, पट्टा हातात द्या आणि निघा. घरच्या बायकापोरांना हे पटत नाही, आमच्याकडंही पटत नाही. रात्री व्हिडिओ कॉलही नको. तुमचा आवाज ऐकू येतो आणि तुम्ही जवळ नसता, त्यानं कुत्री जास्त बिथरतात. त्यापेक्षा त्यांनाच एखादा व्हिडिओ पाठवायला सांगा. दुखलं-खुपलं तर कुठल्या डॉक्टरांकडं न्यायचं आणि किती रुपयांपर्यंतचा खर्च तुम्हाला न विचारता करायचा, हे व्हॉट्सॲपवर लिहून ठेवा.

परत आणल्यावर तो घटाघटा पाणी पिईल आणि दिवसभर झोपेल, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. जेवण थोडं थोडं द्या. कानांच्या आत आणि बोटांच्या बेचक्यात गोचीड आहे का ते चाचपून बघा. पुढच्या आठवडा-पंधरवड्यात कोरडा, घशात काहीतरी अडकल्यासारखा खोकला सुरू झाला तर लगेच दाखवा, आणि बोर्डिंगवाल्यालाही कळवा, त्याच्याकडं तेव्हा दुसऱ्यांची कुत्री असतात.