चमचा खाली ठेव

बाळा,

काल रात्री साडेअकराला तुझा फोन आला तेव्हा मी जागीच होते, पण तू रडत होतास आणि मला पटकन काही सुचेना, म्हणून आज सकाळी लिहायला बसलेय. मागून भांड्यांचा आवाज येत होता, तुझी आई बहुतेक पुन्हा काहीतरी शिजवायला घेत होती. आज एकोणिसावा दिवस ना. स्लीव्हनंतरचा, म्हणजे वजनासाठी पोट कापून लहान करण्याच्या ऑपरेशननंतरचा एकोणिसावा दिवस, आणि तू सांगतोयस की दुपारी वरणात पोळी कुस्करून खाल्ली, चार घास बरे गेले, पाचव्याला छातीच्या मधोमध दगड बसल्यासारखं झालं, आणि तरी सहावा घेतला कारण आई समोर बसून बघत होती. मग अर्धा तास बेसिनपाशी. आणि वर मलाच विचारतोस, काकू, मी चूक केली का हे ऑपरेशन करून.

ऑपरेशन चुकलं नाही रे. सहावा घास चुकला. पोळीच चुकली खरं तर, पण पोळीबद्दल नंतर ओरडते.

आधी हे पत्र बाजूला ठेव आणि हॉस्पिटलच्या डायटिशियनला नाहीतर सर्जनना फोन कर. आत्ता. चार दिवसांत पाच वेळा उलटी हे "होतं असं" म्हणून सोडून द्यायचं प्रकरण नाहीये. या दिवसांत माणूस सगळ्यात आधी पाण्यावाचून आडवा होतो, आणि उलट्या चालूच राहिल्या तर अंगातलं थायमिन, बी-१, भराभर संपतं, मग एकाचे दोन दिसणं, चालताना तोल जाणं, विसरायला होणं इथपर्यंत जातं, आणि तिथून माणूस पूर्ण परत येईलच असं नसतं. ताप आला, बसल्या जागी नाडी १२० च्या वर गेली, पोटात किंवा डाव्या खांद्यात कळ उठली, पोटरी सुजून दुखायला लागली, तर फोनसुद्धा नको, सरळ कॅज्युअल्टी गाठायची. मला नंतर कळवलंस तरी चालेल.

केलास फोन? मग आता वाच.

तुझ्या पोटाचा पाऊण भाग, किंबहुना थोडा जास्तच, काढून टाकलाय. राहिलाय तो एका केळ्याएवढा, आणि त्याच्या एका कडेने वरून खालपर्यंत स्टेपलची ओळ आहे. ती ओळ अजून भरून येतेय. म्हणून तर ते टप्पे असतात, आधी पाण्यासारखं पातळ, मग दूध-ताक-सूप, मग मिक्सरमधून काढलेलं, मग मऊ, आणि नेहमीचं जेवण दीड-दोन महिन्यांनी. तो कागद फ्रिजवर लावायला दिलेला नसतो नुसता. पोळी तर त्या केळ्यात जाऊन गोळा होते आणि तिथेच बसते, मऊ ब्रेड तसाच, मोकळा भातसुद्धा कित्येकांना महिनोन्महिने सोसत नाही. डाळ-कडधान्यं-अंडी मिक्सरमधून काढून खाताना तुला कंटाळा येतो हे मला माहितीये, मी सहाव्या आठवड्यापर्यंत तेच खाल्लंय, खिमट खाणाऱ्या पोरासारखं.

पण मला जे सांगायचंय ते टप्प्यांबद्दल नाहीये, टप्पे तुला डायटिशियन माझ्यापेक्षा चांगले सांगेल. मला एकच सांगायचंय. चमचा खाली ठेव.

बघ, पोट भरल्याची जुनी खूण आता विसर. ते जडपण, ते ढेकर देऊन हात धुणं, ते आता येणारच नाही, आणि आलं तर समज की तू केव्हाच पुढे गेलायस. नवीन खूण फार बारीक असते. माझं नाक वाहायला लागतं. खरंच, जेवता जेवता उजवी नाकपुडी ओली होते, तेवढीच. कुणाला एकच उचकी येते, कुणाला शिंक, कुणी आपोआप मोठा श्वास सोडतं. ती खूण आली की चमचा खाली ठेवायचा. अजून एक घेऊन ठेवतो असं नाही. तोंडाशी आलेला असला तरी तो वाटीत परत. तुला तुझी खूण अजून सापडली नाही कारण तू ताटाकडे आणि आईच्या तोंडाकडे बघत जेवतोयस. पुढचे चार दिवस मोबाइल नाही, टीव्ही नाही, गप्पा नाहीत, फक्त चमचा आणि तू. लहान बाळाचा चमचा घे, चटणीची वाटी घे, एक चमचा झाला की घड्याळात एक मिनिट जाऊ दे. वीस मिनिटांत तीन-चार चमचे गेले तरी पुष्कळ झाले.

तू म्हणशील काकू, एवढंसं खाऊन शक्ती कशी येणार. आईचंही तेच म्हणणं आहे ना. म्हणून तर काय जातंय ते बघायचं, किती जातंय ते नाही. डॉक्टर दिवसाला ६० ते ८० ग्रॅम प्रोटीन म्हणतात आणि तुझ्या घरी मला वाटतं वरणाचं वरचं पाणी चाललंय. त्या पाण्यात काही नसतं रे. हळद, मीठ आणि आईची माया असते, प्रोटीन खाली डाळीत बसलेलं असतं. डाळ अख्खी घोटून घट्ट कर आणि गाळू नकोस. एका अंड्यात ६ ग्रॅम, ५० ग्रॅम पनीर दुधात घोटलं तर साधारण ९, आणि व्हे पावडरचा, म्हणजे दुधातल्या प्रोटीनच्या पावडरचा, एक स्कूप २४ च्या आसपास, डब्यावर बघून घे. सध्या दिवसातले दोन स्कूप हाच तुझा खरा आधार आहे. ती चॉकलेटची गोड चव उबग आणते म्हणालास, तर बिनचवीची आण आणि पातळ ताकात जिरेपूड-मीठ घालून ढवळ, मी अजूनही तशीच घेते. गरम सूपात टाकायची तर सूप कोमट होऊ दे, उकळत्यात टाकलीस की गाठी होतात.

पाणी वेगळं आणि जेवण वेगळं. जेवताना घोट नाही, जेवणानंतर अर्धा तास नाही, आणि बाकी सगळा दिवस घोट घोट घोट, दीड लिटर व्हायलाच हवं. गटागटा नाही, स्ट्रॉने नाही, सोडा तर नाहीच. लघवी गडद पिवळी दिसली की समजायचं आज कमी पडलं.

भूक लागत नाही म्हणून घाबरलायस, तर पोटाचा जो भाग काढला तिथेच भुकेचं एक हार्मोन जास्त करून तयार व्हायचं, घ्रेलिन. ते कमी झालंय. काही महिन्यांनी भूक परत येते. तोपर्यंतचे हे महिने म्हणजे तुला मिळालेली उसंत आहे, यात चमचा खाली ठेवायची सवय लागली तर लागली. माझ्याबरोबर ऑपरेशन झालेले दोघंतिघं होते, पहिल्या वर्षी सगळ्यांचीच वजनं उतरली, दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी कुणाची परत चढायला लागली ते मी बघितलंय. पोट थोडं सैलावतं, माणूस पहिल्यासारखा जेवायला बसतो, आणि तो बारीक इशारा ऐकायची सवय कधी लागलेलीच नसते. आणि वजनकाटा पाच दिवस हलला नाही म्हणून रडू नकोस, तिसऱ्या आठवड्याच्या सुमारास बहुतेकांचा अडतो, सुरुवातीच्या घटीत पाणी बरंच असतं. काटा पलंगाखाली सरकव, आठवड्यातून एकदा काढ.

आता तुझ्या आईबद्दल. इथे मी कडक बोलणार आहे, वाईट वाटून घेऊ नकोस.

माझं ऑपरेशन २०१३ च्या जुलैमधलं, बायपास, हृदयाचं नव्हे, वजनासाठी करतात ते पोटाचं. सासरी आम्ही पित्ताशयाचं ऑपरेशन म्हणून सांगितलं होतं, लोक काय म्हणतील, नुसती खाऊन खाऊन जाड झाली आणि आता पोट कापून घेतलं, हेच म्हणाले असते. खरं फक्त माझ्या आईला माहीत होतं. ती गावाहून आली, अठ्ठ्याहत्तर वर्षांची, गुडघे धरून जिने चढायची. पाचव्या आठवड्यात एका दुपारी तिने शिरा केला. मला आवडतो तसा, रवा तुपात अगदी बदामी होईपर्यंत भाजलेला, वर केळ्याचे काप. चटणीच्या वाटीतच आणला होता, म्हणाली एवढासाच आहे गं, देवाचा प्रसाद समज. मला माहिती होतं साखर नको. मी दोन चमचे घेतले, नाक वाहायला लागलं, आणि मी तिच्याकडे बघितलं. ती पदराला हात पुसत उभी होती आणि इतकी खूश होती. मी वाटी संपवली.

वीस मिनिटांत छाती धडधडायला लागली, घामाने गाऊन पाठीला चिकटला, पोटात मुरडा, डोळ्यांपुढे अंधार. डंपिंग म्हणतात त्याला, साखर छोट्या आतड्यात भसकन उतरते तेव्हा होतं, बायपासमध्ये जास्त, पण स्लीव्हवाल्यांनाही होतं. मी स्वयंपाकघरात फरशीवरच आडवी झाले. तासाभराने मी उठून बसले, मला काही झालं नाही. पण आई ओट्याला टेकून थरथरत होती, तिला वाटलं तिने तिच्या हाताने मला मारलं. मी किती समजावलं. त्यानंतर माझ्याकडे असेपर्यंत तिने मला एकदाही "हे खा" म्हटलं नाही, वाटी समोर ठेवायची आणि दुसऱ्या खोलीत जाऊन बसायची. पुढच्या वर्षी ती गेली.

तिचं मन राखायला मी ती वाटी संपवली. मन राखलं गेलं का? दुसऱ्या चमच्यानंतर "आई, बास, फार छान झालाय" म्हणून चमचा खाली ठेवला असता तर ती दोन मिनिटं हिरमुसली असती आणि उरलेला शिरा तिने स्वतः खाल्ला असता. कितीतरी वेळा मी मनात तो चमचा खाली ठेवलाय.

म्हणून मी नंतर जशी झाले तशी झाले. लोक मला हट्टी म्हणतात, तुझ्याही कानावर आलं असेल. पुतणीच्या लग्नात पंगतीत पुरणपोळीचा तुकडा मोडला, तोंडात घातला आणि ताट बाजूला सरकवलं, तर मोठ्या नणंदबाई दोन वर्षं माझ्याशी बोलल्या नाहीत, अन्नाचा अपमान केला म्हणे. मी माफी मागितली नाही. आजही मागणार नाही. आपल्याकडे पानात टाकू नये हे लहानपणापासून हाडात मुरवलेलं असतं, आणि ते चुकीचं नाहीये, पण मग पानात वाढतानाच कमी वाढावं ना. अन्नाचा मान राखायचा तर ते अंगी लागायला हवं, बेसिनमध्ये ओकून कसला मान राखतोस? मी चुकले असेन बोलण्यात, तोंड फटकळ आहे माझं, पण पंगतीतल्या चाळीस माणसांपैकी रात्री माझ्या उशाशी कुणी बसणार नव्हतं.

तुझ्या आईला तुझ्या ताटात दिसते ती उपासमार. सत्तावीस वर्षं तिने तुला पोटभर वाढलंय, आता तिला सांगतोयस की तीन चमचे बास, तिला रडू येणारच. येऊ दे. तिचं रडू तुझ्या पोटात मावत नाही. तिला ती पोटाची आकृती दाखव, पुढच्या वेळी ओपीडीत बरोबर ने, डॉक्टरांच्या तोंडून ऐकू दे. आणि तिच्या हाताला काम दे. डाळ घोटायला सांग, ताक लावायला सांग, अंडं मऊ शिजवून दुधात घोटायला सांग, गोळ्यांचा डबा तिच्या ताब्यात दे, कॅल्शियम आणि लोहाच्या गोळीत दोन तासांचं अंतर तिनेच पाळायचं.

गोळ्यांवरून आठवलं, त्या आयुष्यभर आहेत. मी तिसऱ्या वर्षी बंद केल्या होत्या, बरं वाटत होतं ना. तळपायाला मुंग्या यायला लागल्या, तपासलं तर बी-१२ तळाला. इंजेक्शनं घेतली, बरंचसं गेलं, पण उजव्या पायाची दोन बोटं अजून बधिर आहेत, सकाळी चप्पल घालताना रोज कळतं. तीन-चार महिन्यांनी केस गळतील, कंगवा बघून घाबरू नकोस, बहुतेकांचे परत येतात, पण प्रोटीन आणि गोळ्या चालू असल्या तर. आणि पाठ दुखली म्हणून मेडिकलमधून दुखायची कुठलीही गोळी आणून घेऊ नकोस, आधी डॉक्टरांना विचार, त्यातल्या काहींनी अल्सर होतो.

तुझा तो मित्र ऑपरेशनला शॉर्टकट म्हणाला ना. त्याला सोड. पूर्वी ऑपरेशनसाठी बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, ४० लागायचा, नाहीतर ३५ आणि बरोबर एखादा आजार, २०२२ मध्ये सर्जनांच्या दोन मोठ्या संघटनांनी, एक अमेरिकेतली आणि एक आंतरराष्ट्रीय, ३५ सरसकट पुरेसा म्हटलं आणि आपल्यासारख्या आशियाई लोकांसाठी त्याहूनही खाली आणला, कारण आपल्याला डायबेटिस कमी वजनातच गाठतो. तुझी शुगर काय होती ते तू आणि मी दोघं त्या ओपीडीच्या बाकावर बसून वाचलंय. त्याला हे समजावत बसू नकोस, रोज सकाळ-संध्याकाळ दहा-दहा मिनिटं चाल, तो वेळ त्यात घाल.

आज दुपारी फक्त पातळ घे, डॉक्टर सांगतील तोवर काहीही घट्ट नको. मी रविवारी अकरापर्यंत येते, आईजवळ बसते, मूग कसे घोटायचे ते दोघी मिळून करू. माझ्याकडे खोकल्याच्या औषधाचं ३० मिलीचं मापाचं टोपण आहे जुनं, ते घेऊन येते, तुला एका वेळी किती ते आईला डोळ्यांनी दिसेल. आणि तिला सांग माझ्यासाठी पोह्यांचा घाट घालू नका, मी दोन चमचे खाणार आणि बशी बाजूला ठेवणार, तिला पुन्हा वाईट वाटायचं. किंवा थांब, करू दे तिला पोहे. तिने बघायलाच हवं ते.

तुझी,
काकू