ढीग तापला, जिवाणू कुठे गेले?

प्रश्न : पऱ्हाटीचा भुगा, सोयाबीनचे कुटार आणि शेण यांचा कंपोस्ट खतासाठी ढीग मार्चमध्ये रचला. आठवड्याभरात तो आतून ६२ अंशांपर्यंत तापला. तिसऱ्या आणि दहाव्या दिवशीचे नमुने तपासले असता दुसऱ्यात जिवंत जिवाणू पहिल्याच्या शंभराव्या भागाइतकेच निघाले. उष्णतेने ते मेले काय? विकतचे संवर्धक (कुजवणाऱ्या जिवाणूंचे विरजण) पुन्हा टाकावे काय?
– एक वाचक, दारव्हा, जि. यवतमाळ

उत्तर : संवर्धकावर तूर्त पैसे घालवू नयेत. आपण जोडलेल्या अहवालात दोन्ही नमुन्यांच्या बशा (जिवाणू वाढवून मोजण्याच्या काचेच्या वा प्लास्टिकच्या थाळ्या) ३० अंश सेल्सिअसवर ४८ तास ठेवल्याची नोंद आहे आणि गोम नेमकी तिथे आहे. ढीग ४५ अंशांपलीकडे तापला की मध्यम तापमानात वाढणारे जिवाणू मागे पडतात. त्यांतले काही मरतात, काही बीजाणूंच्या रूपात निपचित राहतात आणि त्यांची जागा उष्णताप्रिय जिवाणू घेतात. हे नवे जिवाणू ३० अंशांवर बहुधा वाढतच नाहीत, त्यामुळे ढिगात ते जोमाने काम करीत असले तरी बशीत दिसत नाहीत. पुढच्या नमुन्याच्या बशांचा एक संच ३० अंशांवर आणि दुसरा ५० ते ५५ अंशांवर ठेवण्यास प्रयोगशाळेला सांगावे. दुसऱ्या संचातील अगार, म्हणजे जिवाणू ज्यावर वाढतात तो जेलीसारखा थर, लवकर सुकतो, म्हणून त्या बशा प्लास्टिकच्या पिशवीत ठेवाव्या लागतात.

आकडा कोरड्या वजनावर काढला आहे की ओल्या, हेही विचारावे. १० ग्रॅम खत ९० मिलिलिटर निर्जंतुक मिठाच्या पाण्यात ढवळून ते टप्प्याटप्प्याने दहा-दहा पट विरळ करतात आणि ३० ते ३०० वसाहती (जिवाणू वाढून डोळ्यांना दिसणारे ठिपके) उगवलेल्या बशाच मोजणीस धरतात. दहा लाख पट विरळ केलेल्या द्रावाच्या ०.१ मिलिलिटरमधून ४५ वसाहती आल्या, तर ओल्या खताच्या ग्रॅमला ४५ कोटी होतात. पण ओलावा ६० टक्के असेल तर कोरड्या ग्रॅमला हेच ११२.५ कोटी आणि ४० टक्के असेल तर ७५ कोटी भरतात. ढीग सुकत असताना ओल्या वजनाचे आकडे शेजारी ठेवून तुलना करणे फसवे आहे.

तरीही बशीतला आकडा कमीच भरतो, कारण कुटाराला चिकटलेल्या जिवाणूंच्या गुठळीतून एकच वसाहत उगवते आणि कित्येक जाती या अगारावर वाढतच नाहीत. उलट, सूक्ष्मदर्शकातील साधी मोजणी किंवा डीएनएची तपासणी मेलेल्यांनाही धरते. एटीपीची (जिवंत पेशीतील ऊर्जा वाहणाऱ्या रेणूची) तपासणी काजव्यातील ल्युसिफरेज या विकरावर (एन्झाइमवर) चालते आणि पेशी मेली की एटीपी लवकर नाहीसे होते, म्हणून ती जिवंतपणाच्या अधिक जवळ जाते. मात्र तिच्यात बुरशीचाही वाटा येतो.

नमुना ढिगाच्या पोटातील चार-पाच जागांहून घेऊन एकत्र करावा आणि बर्फाच्या डब्यातून त्याच दिवशी पोचवावा. एप्रिलच्या उन्हात एस.टी.ने पिशवीतून गेलेले खत वाटेतच बदलते, मग उत्तम प्रयोगशाळाही काय करणार?

घरी करण्याजोगी परीक्षा वेगळी आहे. ढीग पालटावा, मुठीत दाबल्यावर जेमतेम एक-दोन थेंब सुटतील इतके पाणी द्यावे आणि लांब दांडीचा तापमापक मध्यभागी खुपसून ठेवावा. एक-दोन दिवसांत तापमान पुन्हा चढले, तर जिवाणू जिवंत आहेत आणि त्यांना हवा-पाणीच कमी पडत होते. ते चढले नाही आणि पऱ्हाटीचे तुकडे अजून टणक असले, तर बहुधा नत्र अपुरे आहे. अशा वेळी पालटताना ताज्या शेणाचा काला थराथरांत शिंपडावा.