‘डिस्क रिकामी आहे’ म्हणे!

दिवाळीची साफसफाई झाली की या सदराकडे दरवर्षी एकाच जातीचे प्रश्न येतात. माळ्यावरून बिस्किटांचा पत्र्याचा डबा खाली उतरतो, त्यात स्केचपेनने ‘मुंज २००७’, ‘बारसं’, ‘गोवा ट्रिप’ असं लिहिलेल्या डिस्क निघतात आणि त्या कशातच चालत नाहीत. यंदाही तेच. निवडक प्रश्न घेतो. ज्यांना वेगळं उत्तर गेलेलं नाही, त्यांनी आपलं उत्तर यातच शोधावं.

प्रश्न : आमच्याकडे डिस्कवर शूटिंग होणारा २००६ चा हँडीकॅम आहे. त्यातल्या छोट्या डीव्हीडी कॅमेऱ्यात व्यवस्थित दिसतात, पण प्लेअरमध्ये घातल्या की ‘नो डिस्क’ येतं. बिघाड कशात आहे? (डोंबिवली)

कशातच नाही. डिस्क ‘फायनलाइझ’ करायची राहून गेली आहे. कॅमेरा शूटिंग लिहीत जातो, पण अनुक्रमणिकेसाठी सुरुवातीची जागा मोकळी सोडतो. तुम्ही फायनलाइझ म्हणाल तेव्हाच ती भरतो. तोवर आत काय आहे हे फक्त त्या कॅमेऱ्याला समजतं. प्लेअर पहिलं पान उघडतो, ते कोरं दिसतं, आणि तो डिस्क नाहीच म्हणून मोकळा होतो.

कॅमेऱ्याच्या मेन्यूत फायनलाइझ आहे, पण लगेच दाबू नका. फायनलाइझ करणं म्हणजे डिस्कवर लिहिणं, आणि तुमच्या कॅमेऱ्याची लेझर आता वीसेक वर्षांची आहे. वाचायचं काम ती अजून करते. लिहिताना मध्येच दमली तर आज दिसतंय तेही उद्या दिसणार नाही. म्हणून आधी कॅमेऱ्यासोबत आलेली पिवळी-पांढरी-लाल वायर काढा, लॅपटॉपला लागणारं कॅप्चर यंत्र (वायरीतून येणारं चित्र फाइलमध्ये उतरवणारं) आणा, आणि डिस्क कॅमेऱ्यात चालवून पूर्ण उतरवून घ्या. नेहमीच्या मोडवर अशा डिस्कमध्ये अर्ध्या तासाचं शूटिंग असतं, म्हणजे वेळही फार जात नाही. चित्र किंचित मऊ येईल. येऊ दे, हाताशी तर राहील.

त्यानंतर फायनलाइझ करा, तेही अ‍ॅडॉप्टर लावून, टेबलावर ठेवून, हात न लावता. जुन्या बॅटरीवर नको, आणि ती फुगली असेल तर कॅमेऱ्यात ठेवूच नका. डिस्कवर शूटिंग कमी असेल तर वेळ जास्त लागतो, कारण उरलेली जागा भरावी लागते. अडकलं समजून बंद करू नका. कॅमेरा आधीच एरर दाखवत असेल, तर यातलं काहीही न करता जाणकाराकडे न्या.

प्रश्न : ही छोटी डिस्क गाडीच्या किंवा लॅपटॉपच्या फटीत घालता येईल का? (नाशिक)

नाही. आत जाईल, बाहेर येणार नाही. ट्रे बाहेर येणाऱ्या ड्राइव्हमध्ये मधोमध जो लहान गोल खळगा असतो, तो हिच्यासाठीच आहे.

प्रश्न : मावसबहिणीने न्यू जर्सीहून डोहाळजेवणाची घरी रेकॉर्ड केलेली डीव्हीडी पाठवली होती. आमच्या प्लेअरवर लागत नाही. दुकानदार म्हणतो, रीजन कोड वेगळा आहे, तो ‘अनलॉक’ करायचे पैसे पडतील. (सांगली)

पैसे देऊ नका. रीजन कोड, म्हणजे डिस्क कुठल्या देशात चालेल याचं कुलूप, विकतच्या सिनेमाच्या डीव्हीडीवर असतो: अमेरिकेचा १, आपला ५. घरी रेकॉर्ड केलेल्या डिस्कवर असली कुलपं नसतात, मग उघडणार काय? टीव्हीच्या चित्राच्या पद्धती मात्र वेगळ्या: तिकडचं शूटिंग एनटीएससीचं, आपल्याकडचं पाल. त्यामुळे जुन्या टीव्हीवर चित्र काळं-पांढरं दिसेल किंवा गडगडत जाईल, पण कॉम्प्युटरला त्याचं काही वाटत नाही. कॉम्प्युटरवर व्हीएलसी या व्हिडिओ प्लेअरमध्ये लावून पाहा. तिथेही लागली नाही, तर बहुधा तीही फायनलाइझ व्हायची राहिली असेल. बहिणीला विचारा, तो रेकॉर्डर अजून घरात आहे का? असेल तर टाकू नको म्हणावं.

प्रश्न : कॅमेरा तीन वर्षांपूर्वी दिला. आता मुलाच्या पहिल्या वाढदिवसाच्या डिस्क कॉम्प्युटरमध्ये घातल्या तर त्या रिकाम्या आहेत असं येतं आणि फॉरमॅट करायचं का विचारतो. भाचा म्हणतो फॉरमॅट केलं की चालू होतील. करू का? (पुणे)

भाच्याला आधी कॉम्प्युटरपासून उठवा.

ज्या एका गोष्टीवरून माझं डोकं फिरतं ती हीच. डिस्क ‘रिकामी’ आहे हे कॉम्प्युटरचं मत आहे, आणि ते पहिल्या पानावरून बनवलेलं आहे. तुम्ही स्वतःच्या डोळ्यांनी पाहा. डिस्क कडेने धरा, चमकती बाजू ट्यूबलाइटखाली तिरकी करा. मधल्या भोकापासून बाहेरच्या दिशेने एक पट्टा थोड्या वेगळ्या छटेचा दिसेल, कुठेतरी त्याची स्पष्ट गोल कड संपेल आणि पुढे कोरा भाग सुरू होईल. तो पट्टा म्हणजे तुमच्या मुलाचा वाढदिवस. लेझरने डाय (डिस्कमधला रंगाचा थर) भाजून लिहिलेला आहे, नुसत्या डोळ्यांना दिसतो आहे, आणि कॉम्प्युटर म्हणतो रिकामी!

आता फॉरमॅटचं. डिस्कवर ‘आरडब्ल्यू’ लिहिलं असेल, तर ती पुसून पुन्हा लिहिण्यासाठीच बनवलेली आहे. फॉरमॅट म्हटलं की ती आज्ञा पाळेल आणि मग फारशी आशा उरत नाही. नुसतं ‘आर’ असेल तर पुसलं जाणार नाही, पण कॉम्प्युटर नेमक्या मोकळ्या सोडलेल्या जागेत आपलं काहीतरी लिहून ठेवू शकतो, आणि अनुक्रमणिकेची जागा कायमची जाते. ‘डिस्क पेनड्राइव्हसारखी वापरायची का?’ असा साळसूद प्रश्न विंडोज विचारतो तो हाच. खिडकी बंद करा, डिस्क काढा. ‘ओके’ नाही, ‘नेक्स्ट’ नाही, काही नाही.

आणि कॅमेरा. लोक डिस्क जिवापाड जपतात आणि ती वाचू शकणारं यंत्र भंगारात घालतात, याला काय म्हणावं? मागच्या वर्षी एक काकू अकरा डिस्क रुमालात बांधून घेऊन आल्या होत्या. कॅमेरा कुठाय विचारलं तर म्हणाल्या, ‘अहो, गेल्याच आठवड्यात रद्दीवाल्याला दिला, नाहीतरी कॅसेटचा जमाना गेला ना.’ चालू होता का? ‘हो, चालू होता की.’ घरी बसून दोन-तीन संध्याकाळी झालं असतं, त्याला पुढे दीड महिना लागला, आणि तरी तीन डिस्क अर्धवटच निघाल्या. दसरा-दिवाळीच्या एक्स्चेंज ऑफरमध्ये जुना कॅमेरा किंवा टीव्हीखालचा डीव्हीडी रेकॉर्डर देणाऱ्या प्रत्येकाला माझं हात जोडून सांगणं आहे: त्यावरची शेवटची डिस्क दुसऱ्या यंत्रावर लागल्याशिवाय तो उंबऱ्याबाहेर काढू नका. चार्जर आणि वायर तर नाहीच नाही.

तुमचा कॅमेरा गेलेला आहे, तेव्हा आता असं करा. जुनं बिल, खोका, माहितीपुस्तिका शोधून मॉडेल नंबर काढा. नातेवाइकांत, सोसायटीत तेच मॉडेल कुणाकडे पडून आहे का विचारा. त्याच मॉडेलवर डिस्क उघडण्याची शक्यता चांगली. त्याच कंपनीच्या दुसऱ्या मॉडेलवर कमी. दुसऱ्या कंपनीच्या कॅमेऱ्यात घालून बघण्याचा प्रयोग करू नका. कॅमेरा मिळालाच नाही तर आयसोबस्टरसारखी सॉफ्टवेअर आहेत. ती अनुक्रमणिकेकडे न बघता थेट पट्टा वाचून व्हिडिओ शोधतात. पण त्यासाठी ड्राइव्हनेही साथ द्यावी लागते. एक ड्राइव्ह अशा डिस्ककडे ढुंकून बघत नाही, दुसरा निमूट वाचतो. हे काम करणारे म्हणूनच चार-पाच ड्राइव्ह बाळगतात. आधी संपूर्ण डिस्कची प्रतिमा (जशीच्या तशी नक्कल, एका फाइलमध्ये) काढायची, मग त्या प्रतिमेवर काय ते प्रयोग करायचे. तुम्ही पहिल्यांदाच करत असाल तर वाढदिवसाच्या डिस्कवर शिकू नका. जाणकाराकडे द्या.

प्रश्न : डिस्कवर चरे पडलेत. टूथपेस्ट चोळावी असं ऐकलं. (कोल्हापूर)

टूथपेस्ट दातांना लावा. तिच्यातली खर नवे चरे पाडते. थिनर आणि नेलपॉलिश रिमूव्हर तर प्लास्टिकच खातात. कोमट पाणी, भांड्याच्या लिक्विडचा एक थेंब, मऊ सुती कापड. पुसायचं मधून कडेकडे सरळ, गोल गोल नाही. एवढ्याने नाही झालं तर थांबा आणि दाखवा.

प्रश्न : आजोबांच्या भजनांची सीडी पेनड्राइव्हवर कॉपी केली. प्रत्येक फाइल १ केबीची आहे आणि वाजत नाही. (सोलापूर)

ती भजनं नव्हेत, भजनांचे पत्ते आहेत. ऑडिओ सीडी कॉपी करायची नसते, ‘रिप’ करायची असते, म्हणजे सॉफ्टवेअरने तिच्यातला आवाज फाइलमध्ये उतरवून घ्यायचा असतो.

प्रश्न : आमच्या लग्नाची (१९९९) व्हीसीडी अर्ध्यात अडकते. कॉपी करायला गेलं तर सप्तपदीला एरर येतो. (ठाणे)

व्हीसीडीत ‘एमपीईजीएव्ही’ नावाच्या फोल्डरमध्ये ‘डॅट’ फाइल असते, तोच सिनेमा. एका सीडीत जास्त वेळ मावावा म्हणून व्हिडिओच्या भागात चूक दुरुस्त करणारी माहिती कमी ठेवलेली असते. त्यामुळे एवढासा डाग पडला की विंडोजची कॉपी तिथेच मान टाकते. डीडीरेस्क्यूसारखं सॉफ्टवेअर खराब जागा ओलांडून पुढे जातं आणि नंतर परत येऊन तिथे पुन्हापुन्हा प्रयत्न करतं. एखादा क्षण तुटेल, बाकी लग्न लागेल.

मात्र सीडीच्या मागे लागण्याआधी एक काम करा. १९९९ ला शूटिंग कॅसेटवर झालं असणार. व्हीसीडी ही तिची, त्यातही ३५२ बाय २८८ इतक्या बारक्या चित्राची, नक्कल आहे. कॅसेट सापडली तर सीडीपेक्षा चांगलं निघेल. माहेरच्या कपाटातही बघा. आणि बुरशी दिसली तर कॅसेट व्हीसीआरमध्ये घालू नका, आधी दाखवा.

प्रश्न : एक दुकान जुन्या डीव्हीडी ‘फोर-के रीमास्टर’ करून देतं. करून घ्यावं का? (छत्रपती संभाजीनगर)

डीव्हीडीत चित्र असतं ७२० बाय ५७६ ठिपक्यांचं. फोर-केमध्ये ते ठिपके ताणले जातात, नवे जन्माला येत नाहीत. वर चेहरे मेण लावल्यासारखे गुळगुळीत करून देतात आणि आजी ओळखू येत नाही. दुकानात इतकंच विचारा : ‘डिस्कवर आहे तशीच फाइल, काहीही बदल न करता, द्याल का?’ चाचरला तर डिस्क उचला आणि घरी या. फोर-के करायचंच असेल तर ती फाइल हातात पडल्यावर कधीही करता येतं.

प्रश्न : साधारण चाळीस डिस्क आहेत. निवृत्त झाल्यावर निवांत करायचं ठरवलंय. चालेल ना? (रत्नागिरी)

निवृत्तीला किती वर्षं आहेत ते लिहिलं नाहीत, पण उत्तर तेच आहे: नाही. माळा म्हणजे वर तापलेला पत्रा किंवा स्लॅब आणि खाली चार महिने कोकणचा पाऊस. डायला उष्णता आणि दमट हवा दोन्ही सोसत नाहीत. अमुक वर्षं टिकते असं खोक्यावर छापलेलं असतं, ते चांगल्या हवेतलं. आजच सगळ्या खाली काढा, कपाटाच्या खालच्या कप्प्यात उभ्या ठेवा. कागदी लेबलं चिकटवलेली असतील तर ती ओरबाडू नका, वरचा थर सोबत येतो. आणि पहिल्या पाच या रविवारी लावून बघा. कुठल्या ते तुम्हाला ठाऊक असेलच; जी माणसं आता नाहीत, त्यांच्या आधी.

प्रश्न : सगळं उतरवून घेतलं आणि व्हॉट्सअ‍ॅपवर घरच्या ग्रुपवर टाकून ठेवलं. आता डिस्क टाकून दिल्या तर चालेल? (बेळगाव)

नाही. व्हॉट्सअ‍ॅप व्हिडिओ पिळून पाठवतं. मूळ फाइल दोन वेगवेगळ्या हार्डडिस्कवर ठेवा, त्यातली एक दुसऱ्या कुणाच्या घरी. डिस्क आणि कॅमेरा, दोन्ही राहू द्या.